जुनी चाकरी सोडावी की धरून राहावे?

कपड्याच्या पेढीवर पंधरा-वीस वर्षे काढलेला गुमास्ता, मागाच्या कारखान्यात केस पांढरे झालेला जॉबर, तयार कपड्यांच्या कारखान्यातला कटिंग मास्टर, हिशेब लिहिणारा मेहता. यांच्यापुढे आयुष्यात एकदा तरी हा प्रश्न उभा राहतोच. दुसरा शेठ जास्त पगार देतो म्हणतो. जावे, की आहे तिथे राहावे? असे बंधू आमच्याकडेही मशवऱ्याला येतात. बहुतेकांच्या तोंडी एकच आकडा असतो : तिथे किती मिळणार. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न एका आकड्याने सुटत नाही, पुऱ्या वहीने सुटतो. आणि वहीला जमा व नावे अशा दोन बाजू असतात. मला काय येणे आहे आणि माझ्याकडून काय देणे आहे, हे दोन्ही मांडल्याशिवाय घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हे, तो जुगार होय.

चाकरी हाही करारच

चाकरी बदलणे म्हणजे बेइमानी, असे काही बुजुर्ग मानतात. तरुण मंडळी उलट म्हणतात की शेठचे आपल्यावर काही देणे नाही. दोन्ही मते अर्धवट आहेत. दिव्य कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांची मदयनमधील हकीकत आली आहे. तेथील बुजुर्गांच्या मुलीने वडिलांना मशवरा दिला की यांना कामावर ठेवावे, आणि कामावर ठेवण्याजोग्या माणसाचे दोन गुण सांगितले : अंगात ताकद असावी आणि नियतीने अमानतदार असावा. मग करार झाला. मुदत आठ वर्षांची, आणि दहा पुरी केल्यास ती मूसा (अ.) यांची मर्जी. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सांगण्यानुसार त्यांनी दहा वर्षांचीच मुदत पुरी केली. मुदत भरल्यावर ते घरच्यांना घेऊन निघाले.

या हकीकतीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. एक, चाकरीला मुदत असते आणि ती पुरी झाल्यावर निघून जाण्यात कसलाही दोष नाही. दुसरा, निघायचे ते कबूल केलेले पुरे करून, जमल्यास थोडे जास्तच देऊन.

पक्की नोकरी कशाला म्हणावे?

'पक्की नोकरी' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मुंबईच्या गिरणीतली नोकरी एके काळी पक्क्यातली पक्की समजली जाई. मदनपुऱ्यातल्या कितीतरी मोमिन घरांची रोजी गिरण्यांच्या विणाई खात्यावर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत, आणि पक्क्या नोकरीवाले रस्त्यावर आले. तेव्हा नोकरी किती जुनी आहे एवढ्यावरून ती किती पक्की आहे हे कळत नाही.

मग कळते कशावरून? वाईट दिवसांत त्या जागेने काय केले यावरून. आपल्या धंद्याने अलीकडे तीन मोठे झटके पाहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि रोखीने हफ्ता वाटणाऱ्या मागवाल्यांची तारांबळ उडाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि कापड बाजारात कित्येक दिवस बिलेच फाटेनात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि माग बंद पडले. आपल्या शेठने या तीन वेळी काय केले, ते आठवून पाहावे. पगार अर्धा दिला पण दिला? घरी किराणा पाठवला? की फोन उचलणेच बंद केले? हीच चौकशी नव्या शेठबद्दल करावी, आणि ती त्याच्या दलालाकडे नव्हे, त्याच्या जुन्या नोकरांकडे. भर हंगामात सगळेच शेठ दिलदार असतात. मंदीत जो माणसाला धरून ठेवतो त्याची नोकरी पक्की, मग पगार थोडा कमी का असेना.

जुन्या जागेवर काय साठले आहे?

पुष्कळ बंधू सोळा-सोळा वर्षे काम करून हात हलवत निघून जातात, कारण आपले काही येणे आहे हेच त्यांना ठाऊक नसते. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते, हा समज चुकीचा आहे. ज्या दुकानात किंवा कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिथे सलग पाच वर्षे नोकरी झालेल्या माणसाने स्वतःहून नोकरी सोडली तरी ग्रॅच्युइटी त्याचा हक्क आहे. १९७२ च्या कायद्यापासून ही रीत चालत आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम नोकरांसाठी हीच आकारणी ठेवली आहे. मुदतीच्या लेखी करारावर ठेवलेल्या माणसाला तर या संहितेने एका वर्षानंतरही हा हक्क दिला आहे.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या महिन्याच्या पगाराला २६ ने भागावे, १५ ने गुणावे, आणि आलेल्या रकमेला नोकरीच्या वर्षांनी गुणावे. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पुरे वर्ष धरतात. समजा एका गुमास्त्याचा पगार १८,२०० रुपये आहे आणि नोकरी १६ वर्षे ७ महिने झाली आहे. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००. त्याचे १५ दिवसांचे १०,५००. वर्षे १७ धरली तर १,७८,५०० रुपये होतात. ही रक्कम शेठची मेहरबानी नव्हे, ही कमाई आहे. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती मिळाली पाहिजे.

ज्यांची चार-साडेचार वर्षे झाली आहेत, त्यांनी विशेष ध्यान द्यावे. काही महिन्यांसाठी पाच वर्षांचा हक्क सोडणे म्हणजे ताग्याचे शेवटचे दोन मीटर विणायचे राहिले असताना माग सोडून जाणे होय.

वीस किंवा अधिक माणसांच्या जागी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ असतो. जागा बदलताना पुष्कळ लोक तो काढून खर्च करून टाकतात. तसे न करता त्याच खाते क्रमांकावर नव्या जागी वर्ग करून घ्यावा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि दोन ठिकाणची वर्षे जोडून दहा भरतात. मध्येच पेन्शनची रक्कम उचलली तर ती वर्षे तुटतात. पीएफवर मिळणाऱ्या वाढीव रकमेबद्दल पुष्कळांच्या मनात शंका असते. सक्तीच्या कपातीवरची वाढ ही मजुरीचाच भाग आहे, असे आपल्याकडच्या अनेक उलेमांचे मत आहे. स्वखुशीने जादा कपात करून घेण्याचा मसला वेगळा आहे. आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची. त्यात घरच्या माणसांचाही इलाज होतो. पण त्याला पगाराची मर्यादा असते. १ जानेवारी २०१७ पासून ती दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. पगार मर्यादेच्या वर गेला की चालू मुदतीनंतर हा आधार सुटतो. घरात मधुमेहाची आई किंवा बाळंतपण असेल तर वाढलेल्या पगारातून इलाजाचा खर्च आधी वजा करावा.

एक सूचना. यातले काहीही कागदावर नसेल तर ते मिळवणे कठीण जाते. हजेरीपत्रकात आपले नाव आहे का, पगार बँकेत जमा होतो का, पावती मिळते का, हे राजीनाम्याची भाषा करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ज्या छोट्या दुकानात पाच-सहाच माणसे आहेत तिथे ग्रॅच्युइटीची सक्ती लागू होत नाही. तिथे शेठच्या तोंडी कबुलीवर किती विसंबायचे, हे त्याची पूर्वीची वागणूक पाहून ठरवावे.

वाढीव पगाराचा खरा आकडा

आता वरचाच गुमास्ता घेऊ. तो मालेगावचा आहे असे समजा. भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने त्याला २६,००० रुपये देऊ केले. वाढ दिसते ७,८०० रुपयांची. घरची माणसे मालेगावातच राहणार. भिवंडीत खोलीतला वाटा ३,०००, खानावळ ३,६००, महिन्यातून दोनदा घरी येण्या-जाण्याचे १,४००, किरकोळ ५००. असा ८,५०० रुपये खर्च धरला. तो घरी जेवणार नाही म्हणून घरखर्चात १,८०० वाचतील. म्हणजे निव्वळ वाढीव खर्च ६,७०० रुपये. ७,८०० मधून हे गेले की उरले १,१००. जुना शेठ ईदला एक महिन्याचा पगार बक्षीस देतो, नवा त्याबद्दल काही बोलत नाही. ते बक्षीस बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे १,५०० पडतात. हिशेब संपला तेव्हा ७,८०० ची वाढ जाऊन ४०० रुपयांचा तोटा आला.

हेच आमंत्रण मालेगावातल्याच दुसऱ्या पेढीचे असते तर खोली, खानावळ, प्रवास काहीच नसते, आणि ईदचे बक्षीस वजा करूनही महिन्याला ६,३०० रुपये हाती राहिले असते. पगार तोच, पण उत्तर वेगळे. आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. मांडणी हीच ठेवावी.

काही गोष्टी आकड्यात बसत नाहीत, पण वहीत त्यांचीही ओळ हवी. जुम्याच्या नमाजला सवड मिळते का? मालेगावच्या मागांना शुक्रवारी सुट्टी असते; दुसऱ्या गावी ती असेलच असे नाही. मुलांची उर्दू शाळा सुटते का? म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ कोण राहणार? बाप महिन्यातून दोन दिवस घरी दिसला तर वयात येणाऱ्या मुलाकडे कोण बघणार?

उचल : जुने कर्ज, नवा धनी

आपल्या धंद्यात उचल घेण्याची रीत जुनी आहे. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला शेठकडून बिनव्याजी चाळीस-पन्नास हजार मिळतात आणि हफ्त्याहफ्त्याने कटतात. ही मोठी सवलत आहे; सावकाराच्या व्याजापासून ती माणसाला वाचवते. पण इथेच एक फास आहे. नवा शेठ म्हणतो, "तुझी जुनी उचल मी भरतो, तू फक्त ये." कारागिराला वाटते कर्ज फिटले. कर्ज फिटत नाही, फक्त त्याचा धनी बदलतो. जुन्या शेठपाशी सोळा वर्षांची ओळख होती, हफ्ता चुकला तर तो सांभाळून घेत असे. नव्यापाशी पहिल्याच दिवशी कर्जदार म्हणून उभे राहावे लागते, आणि तीन महिन्यांत काम पटले नाही तरी निघता येत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की शक्यतो उचल स्वतः फेडून, किंवा येणे असलेल्या ग्रॅच्युइटीतून दोघांच्या संमतीने वळती करून मगच जागा बदलावी. तेही न जमल्यास नव्या शेठशी रक्कम, हफ्ता आणि मुदत लिहून घ्यावी. उधारीचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आला आहे. याच कागदावर पगार, कामाचे तास, सुट्ट्या, कमिशन आणि एखाद्या पार्टीची उधारी बुडाली तर ती कोणाच्या नावे पडणार, हेही लिहावे. लिहून मागितले म्हणून जो शेठ रागावतो त्याच्याकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

कोणत्या कारणाने जावे?

इथवर वाचून कोणी असे समजू नये की आम्ही सर्वांना बसून राहा म्हणतो. काही कारणे अशी आहेत की त्यांपुढे जुनेपणाचा विचार करू नये.

पहिले कारण हलाल-हरामचे. रोज खोटे माप द्यावे लागत असेल, कृत्रिम धाग्याचे कापड सुती म्हणून विकावे लागत असेल, खोटी बिले लिहावी लागत असतील, तर पगार कितीही असो, दुसरी जागा शोधायला लागावे. घरात खाणारी तोंडे असतील तर आधी शोधावी आणि मग सोडावी; पण शोधायला आजच लागावे.

दुसरे कारण थकलेल्या मजुरीचे. एखादा महिना उशीर होणे समजू शकते. पण हंगाम चांगला असूनही पगार सतत थकत असेल तर ती पक्की नोकरी नव्हे, ती वाढत जाणारी उधारी आहे. व्यापारी अशा पार्टीला माल देणे बंद करतो. कारागिरानेही तेच करावे.

तिसरे कारण हुनराचे, आणि ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. धोट्याच्या साध्या मागाचे दिवस कमी होत चालले आहेत. रॅपियर आणि एअरजेट माग त्यांची जागा घेत आहेत. ज्या जॉबरला फक्त साधा माग येतो, त्याला रॅपियरच्या कारखान्यात तेवढ्याच पगारावर, किंवा थोड्या कमी पगारावरही बोलावले, तर तिशी-पस्तिशीतल्या माणसाने ते नाकारू नये. आजचा पगार आज संपतो, शिकलेला हुनर उद्याचा पगार कमावून देतो. हीच गोष्ट तोंडी हिशेब ठेवणाऱ्या मेहत्याला संगणकावर जीएसटीचे काम शिकण्याची संधी मिळाली तर लागू पडते. पन्नाशी ओलांडलेल्याने मात्र हाच विचार अधिक जपून करावा, कारण पडल्यावर उठायला त्याच्यापाशी वर्षे थोडी असतात.

कारण कोणतेही असो, किमान तीन महिन्यांचा घरखर्च हाती ठेवूनच पाऊल उचलावे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशीच पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

जाताना अमानत सांभाळावी

नावे बाजूची ओळ आता लिहू. जुन्या गुमास्त्याला शेठची सगळी नाडी ठाऊक असते : कोणत्या पार्टीला काय भाव, कोणाची किती उधारी, माल कुठून येतो. हे ज्ञान शेठच्या भरवशावर मिळालेले आहे. अनुभव आपला, तो बरोबर न्यावा. पण भावाची वही, पार्ट्यांची यादी, वसुलीचे कागद ही अमानत आहे. ती पोहोचती करूनच दुकानाची पायरी उतरावी. नवा शेठ केवळ त्या यादीसाठीच बोलावत असेल तर समजावे की यादी मिळाल्यावर त्याला आपली गरज राहणार नाही.

रमजानच्या तोंडावर, लग्नसराईत किंवा दिवाळीच्या गर्दीत शेठला अडचणीत टाकून जाऊ नये. महिनाभर आधी सांगावे, हाताखालच्या पोराला काम शिकवावे, बाकी वसुलीचा हिशेब समोरासमोर मिळवून सही घ्यावी. आणि पगार वाढवून घेण्यासाठी न आलेले आमंत्रण आले म्हणून सांगू नये. खरीदण्याची नियत नसताना भाव फुगवण्यासाठी बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, ते हदीसमध्ये मना आहे. ही त्याच जातीची गोष्ट झाली.

शेठ बंधूंसाठी

या पानाचे वाचक शेठही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. पुरे काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असे हदीसमध्ये आले आहे. जाणाऱ्या माणसाचे येणे अडकवून त्याला थांबवता येत नाही, फक्त त्याची बददुआ घेता येते. त्याच्याबद्दल बाजारात वाईट बोलू नये. आणि दुसऱ्याचा माणूस बोलावताना आधी विचारावे : तुझा तिथला हिशेब मिळाला का? भावाच्या सौद्यावर सौदा करू नये ही तालीम माल घेताना आपण पाळतो, माणूस घेतानाही पाळली पाहिजे.

मशवरा आणि इस्तिखारा

वही पुरी झाली की मशवरा करावा. ज्याला आपल्या जाण्यात दलाली मिळणार आहे त्याचा मशवरा घेऊ नये. घरातल्या बाईला आवर्जून विचारावे. महिन्याचा खर्च आपल्यापेक्षा तिला नेमका ठाऊक असतो. हुदैबियाच्या बिकट प्रसंगी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा मशवरा मानला होता, मग आपण कोण?

त्यानंतर दोन रकअत नमाज पढून इस्तिखाऱ्याची दुआ मागावी. पुष्कळ लोक इस्तिखारा करून स्वप्नाची वाट पाहत बसतात. हिरवे दिसले तर जायचे, काळे दिसले तर राहायचे. हदीसमधील दुआत स्वप्नाची अटच नाही. त्यात एवढेच मागणे आहे की हे काम माझ्या दीनसाठी, रोजीसाठी आणि अखेरीसाठी चांगले असेल तर सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर ठेव आणि जिथे भले असेल तिथे मला राजी कर. या दुआत रोजीबरोबर दीन आणि आखिरतही आहे. आपल्या वहीतही या तिन्ही ओळी असाव्यात.

एवढे करून जो राहिला त्याने मन लावून राहावे, शेजारच्या पेढीकडे पाहून रोज हळहळू नये. जो गेला त्याने मान वर करून जावे आणि जुन्या शेठला ईदला सलाम करायला जाता येईल अशा रीतीने जावे. रोजी देणारा अल्लाह आहे; शेठ नवा असो की जुना, तो एक निमित्त आहे.